पाचशे रुपयांचं निमित्त

संध्याकाळी सहाला पायात चपला सरकवून निघालेल्या बाईला आमच्या आळीपासून मांडवीच्या जेटीपर्यंत किमान चार जण तरी विचारतात, "काय गो, कुठे निघालीस?" या प्रश्नाला उत्तर असावं लागतं. दळण, देऊळ, दवाखाना, पोराचा क्लास, कुणाकडचं हळदीकुंकू. हातात पिशवी असली तर विचारतही नाहीत. पण रिकाम्या हाताने, "काही नाही, जरा चालून येते" म्हटलं की समोरची बाई क्षणभर थांबते, वरपासून खालपर्यंत बघते आणि म्हणते, "बरंय बाई तुझं!" या 'बरंय बाई तुझं'मध्ये काय काय भरलेलं असतं, ते कोकणात सून म्हणून वीस वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा.

म्हणून मी चालत नव्हते. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, साखर काठावर आहे म्हणाले, तरी नव्हते. सकाळी डबे, दिवसभर खुर्ची, संध्याकाळी परत ओटा. घर ते ऑफिस स्कूटर. समुद्र घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि तो मला दिसायचा पाहुणे आले की.

गेल्या जूनमध्ये मुंबईच्या हेड ऑफिसमधून मेल आला. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी योजना. मोबाइलमध्ये एक ॲप घ्यायचं, दिवसाला ७,००० पावलं चालायची, महिन्यातले २२ दिवस हे जमलं की ५०० रुपये. फेब्रुवारी अखेरपर्यंत. मेल लिहिणाऱ्याने रत्नागिरीचा जून पाहिलेला नसावा. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा, असं मला तरी वाटतं, संध्याकाळी सहा ते सातमध्येच पडतो.

सासूबाईंना सांगितलं. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या, शाळा सातवीपर्यंत, हिशेब मात्र तोंडी. म्हणाल्या, "म्हणजे दिवसाला बावीस रुपये नि वर थोडे. पावलाला अर्धा पैसासुद्धा नाही गो!" मग थोडं थांबून, "पण नुसतं चालायचे देतायत ना? मग जा की. सोडायचे कशाला?"

मला तेव्हा ते वाक्य नुसतं गमतीचं वाटलं होतं.

पहिले दोन महिने ऑफिसात धमाल होती. जेवणाच्या सुट्टीत माणसं जिन्यावरून वरखाली करायला लागली. पावसामुळे बाहेर पडता येईना, तेव्हा आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये चार खांबांभोवती प्रदक्षिणा सुरू झाल्या. खाली दुकान असलेला माणूस विचारायचा, कोणतं व्रत आहे म्हणून. एकाने फोन झोपाळ्याच्या कडीला बांधून झोके दिले. त्यातून पावलं पडतात की नाही यावर दोन दिवस चर्चा झाली. (फारशी पडत नाहीत. पोराच्या खिशात घालून त्याला क्रिकेटला पाठवलं की पडतात.) जुलैच्या शेवटी पहिलं बक्षीस आलं ते कुपनाच्या रूपात, आणि ते ज्या दुकानात चालणार होतं ते दुकान रत्नागिरीत नाही. सगळ्यात जवळचं कोल्हापूरला. आंबा घाट उतरून-चढून पाचशेची खरेदी करायला कोण जाणार? बरीच ओरड झाल्यावर ऑगस्टपासून पैसे पगारात यायला लागले.

ज्याने ही योजना आखली त्याचं वाचन थोडं कमी पडलं, असं मला नंतर, स्वतः थोडं वाचल्यावर वाटलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या २८१ कर्मचाऱ्यांवर केलेला एक प्रयोग २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. लक्ष्य आमच्यासारखंच, दिवसाला ७,००० पावलं, तेरा आठवडे. एका गटाला काहीच पैसे नाहीत, फक्त तुमची किती झाली ते कळवायचं. दुसऱ्याला लक्ष्य गाठलेल्या प्रत्येक दिवसाचा १ डॉलर ४० सेंट. तिसऱ्याला रोज सोडत. चौथ्याला मात्र महिन्याच्या सुरुवातीलाच ४२ डॉलर नावावर जमा आणि ज्या दिवशी चालला नाहीत त्या दिवशी त्यातले १ डॉलर ४० सेंट वजा. रक्कम तीच. पैसे न मिळणाऱ्यांनी ३० टक्के दिवशी लक्ष्य गाठलं, रोज कमावणाऱ्यांनी ३५, सोडतवाल्यांनी ३६. आणि ज्यांच्या हातून पैसे जात होते त्यांनी ४५.

हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. "मिळायचं राहिलं तर माणूस विसरतो. हातचं गेलं की झोप लागत नाही."

आमच्या योजनेत तर दिवसाचा हिशेबच नव्हता, सगळा महिन्याचा होता. २२ दिवस किंवा शून्य. ऑगस्टात मला ताप आला, पाच दिवस गेले. मग गौरी-गणपतीची साफसफाई, घरात पंधरा माणसं येणार. वीस तारखेला मोजलं तर उरलेले सगळे दिवस चालले असते तरी बावीस भरत नव्हते. त्या दिवसापासून महिना संपेपर्यंत मी स्कूटर घेऊन शंभर पावलांवरच्या वाण्याकडेही गेले. इतकी निर्लज्जपणे मी त्याआधी कधी बसले नसेन. ऑफिसातही तेच. महिन्याच्या विसाव्या दिवशी अर्धं ऑफिस योजनेतून मनाने बाहेर पडलेलं असायचं आणि एक तारखेला परत उत्साह. उधाण-ओहोटीसारखं.

आता आमच्या शिपायाबद्दल. त्याला सगळे दादा म्हणतो. टपाल, कोषागार, कोर्ट, झेरॉक्स, खालून चहा, वरच्या मजल्यावरून फायली. एकदा गंमत म्हणून मी त्याच्या फोनवर ॲप घालून दिलं. पाच वाजता बघितलं तर साडेअकरा हजार. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मग कुणीतरी म्हणालं, याला किती महिन्यांचे मिळतील? तेव्हा लक्षात आलं की योजना कायम कर्मचाऱ्यांना आहे आणि दादा कंत्राटी आहे. जो रोज चालतो त्याला चालण्याचे पैसे नाहीत, आणि जे बसतात त्यांना उठण्याचे आहेत. मी मेल लिहून विचारलंसुद्धा. उत्तर आलं की सूचनेची नोंद घेतली आहे. दादा हसला. "मॅडम, मला नका देऊ पैसे, एक दिवस बसायला द्या."

दादाकडे बघून मला माझे वडील आठवतात. ते एसटीत कंडक्टर होते, रत्नागिरी डेपोत. भरलेल्या गाडीत पुढून मागे, मागून पुढे, खांद्याला चामड्याची बॅग, हातात तिकिटांचा पत्र्याचा डबा, आणि वळणावर गाडी कलली तरी यांचा पाय हलायचा नाही. त्यांना कधी कुणी व्यायाम करा म्हटलं नाही. १९५३ साली जेरेमी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणारे कंडक्टर आणि दिवसभर बसून असणारे ड्रायव्हर. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध आकड्यांत मांडणाऱ्या पहिल्या मोठ्या अभ्यासांपैकी हा एक. पण त्याच्यापुढची गोष्ट मला जास्त आवडते. मॉरिस तिथे थांबला नाही. त्याने या माणसांच्या गणवेशांची मापं काढली, तर ड्रायव्हरांच्या पँटी कंबरेला आधीपासूनच मोठ्या. म्हणजे नुसत्या बसण्याने फरक पडला, की मुळात जाडजूड माणसंच ड्रायव्हर व्हायची? स्वतःच्याच निष्कर्षावर असा शिंप्याचा गज लावणारा माणूस दुर्मिळ. वडिलांची खाकी पँट आईने निवृत्तीनंतरही ट्रंकेत ठेवली होती. बत्तीस कंबर. माझ्या मुलाला ती आज होत नाही.

हाच गज ऑफिसांच्या आरोग्य योजनांनाही लावून झाला आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या जवळपास ५,००० कर्मचाऱ्यांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१९मध्ये छापून आला. नुसतं बघितलं तर अशा योजनेत भाग घेणारे जास्त निरोगी आणि त्यांचा औषधोपचाराचा खर्च कमी. पण चिठ्ठ्या टाकून, कुणाला योजना द्यायची आणि कुणाला नाही ते ठरवून तुलना केली, तेव्हा खर्चात फरक दिसेना. आधीच धडधाकट असलेली माणसंच योजनेत पुढे होती. आमच्या ऑफिसातही पहिल्या महिन्याचे पाचशे कुणी नेले? रोज पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर धावणाऱ्या तिघांनी. त्यांचं एक पाऊलही वाढलं नव्हतं.

आणि ते दहा हजार पावलांचं खूळ, जे ऐकून आमचे साहेब सात हजारांना 'कन्सेशन' म्हणायचे, त्याचा उगमही मोठा मजेदार आहे. १९६४ला टोकियोत ऑलिंपिक झालं, पुढच्या वर्षी तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. संशोधनातून निघालेला आकडा नव्हे, नावात बसलेला आकडा. पुढे २०१९मध्ये अमेरिकेतल्या म्हाताऱ्या बायकांचा अभ्यास आला, सरासरी वय ७२. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं. साडेसात हजारांच्या पुढे मात्र आणखी फायदा दिसत नव्हता. हे वाचल्यावर मी एक दिवस सासूबाईंच्या कनवटीला फोन खोचून दिला. परसात जाणं, विहिरीवर, माडाचा झाप ओढून आणणं, तुळशीपाशी, शेजारी ताक द्यायला, परत परसात. रात्री पाहिलं तर ४,९००. "पास की नापास?" त्यांनी विचारलं.

नोव्हेंबरात मी वडिलांच्या गावी गेले होते, भातकापणी उरकत आली होती. तिथे चुलत भावाने एक गोष्ट सांगितली. आमच्याकडे लावणीला पैरा असायचा. आज माझ्या शेतात तुमची चार माणसं, परवा तुमच्या शेतात माझी चार. पैशाचा संबंध नाही. जेवण मात्र ज्याचं शेत त्याचं, आणि ते चांगलं हवं. काही वर्षांपूर्वी मुंबईहून परत आलेल्या एकाने, त्याच्याकडे माणसं नव्हती म्हणून, पैरा न करता सरळ मजुरी दिली. रोख, आणि दरापेक्षा जास्त. त्याचं काम झालं. पण पुढच्या वर्षी लोक पैऱ्याला म्हणून कुणाकडे जायचे ते मनात हिशेब करायला लागले. आपण इथे फुकट का वाकतोय? तो माणूस नंतर मजुरी द्यायचा थांबला, पण पैरा काही पहिल्यासारखा जमला नाही. आता ट्रॅक्टर येतो, किंवा शेत पड.

इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा किस्सा अगदी याच जातीचा आहे. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड ठेवला. उशीर कमी होईल ही अपेक्षा. झालं उलटं, उशिरा येणारे जवळपास दुप्पट झाले. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची, आता उशिराचा दर ठरला होता आणि तो दिला की झालं. दंड काढून टाकला तरी लाज परत आली नाही. अर्थशास्त्रज्ञांनी हे २०००मध्ये लिहिलं.

हे वाचून मला जरा भीतीच वाटली. चालण्याचंही असंच होईल का? सिंगापूरचे आकडे बघितले तर ती भीती खोटी नव्हती. तिथे १३ संस्थांमधल्या ८०० कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. काहींना नुसतं पावलं मोजणारं यंत्र, काहींना यंत्र आणि रोख बक्षीस, काहींना यंत्र आणि त्यांच्या नावे धर्मादाय संस्थेला देणगी. सहा महिने पैसे, मग बंद. पैसे होते तोवर रोखवाले छान चालले. वर्षअखेर बघितलं तर त्यांचा फायदा विरून गेलेला, आणि वजन, रक्तदाब वगैरेंत कुठल्याच गटात सुधारणा नाही. यंत्र तरी किती जण वापरत होते? दहांतला एक. दुसऱ्या बाजूला अमेरिकेतल्या कॉलेजातल्या मुलांचा प्रयोग आहे, महिन्याभरात आठ वेळा व्यायामशाळेत गेलात तर शंभर डॉलर. तिथे पैसे थांबल्यावरही जी मुलं आधी कधी जात नव्हती ती जात राहिली. दोन्ही प्रयोग खरे. मग फरक कशाने पडतो?

मला फक्त माझं सांगता येतं. आणि माझं कारण या कुठल्याही तक्त्यात बसत नाही.

सप्टेंबरपासून पाऊस ओसरला आणि मी मांडवीला जायला लागले. काळ्या वाळूचा किनारा, उजवीकडे रत्नदुर्ग आणि त्याचं दीपगृह, डावीकडे भाट्याची खाडी. पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या वहिनींनी हटकलं. "काय गो, रोज संध्याकाळी कुठे?" मी म्हटलं, "ऑफिसची योजना आहे. चालायचे पैसे मिळतात." त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. 'बरंय बाई तुझं' तोंडापर्यंत आलेलं परत गेलं. "पैसे मिळतात? मग जायलाच हवं." दुसऱ्या दिवशी हीच बातमी आळीभर. तिसऱ्या दिवशी घरात संध्याकाळचा चहा नवऱ्याने केला, कारण माझी 'ड्यूटी' होती. सासूबाई सात वाजता आमटीला फोडणी टाकून ठेवायला लागल्या. "तिचं ते चालायचं काम असतं," असं त्यांनी नणंदेला फोनवर सांगितलेलं मी स्वतः ऐकलं.

चालायचं काम!

वीस वर्षांत त्या घरातून मी कारण न सांगता एकटी कधी बाहेर पडले नव्हते. कुणी अडवलं असतं असंही नाही. आमच्या घरात कुणी कुणाला अडवत नाही, फक्त विचारतात. पुरुषांना हा प्रश्न कळायचा नाही. नवरा जेवण झालं की "येतो जरा" म्हणतो आणि नाक्यावर तासभर उभा राहतो. त्या 'जरा'चा हिशेब कुणी मागत नाही. माझ्या तासाला नाव हवं होतं, आणि शक्यतो भावही. ५०० रुपयांनी मला चालायची इच्छा दिली नाही, ती होतीच. त्यांनी पावती दिली. कुणी विचारलं तर दाखवायला.

मिळालेल्या पाचशेचे मासे आणायचे असं सासूबाईंनीच ठरवलं. पगाराच्या दुसऱ्या दिवशी मी नोट त्यांच्या हातात द्यायची, त्या ती देवापुढे ठेवायच्या, आणि वार बघून मी मिरकरवाड्याला. कधी सुरमई, भाव चढला असला तर सौंदाळे किंवा बांगडे. "चालण्याचे मासे" असं त्यांना घरात नावच पडलं. ऑगस्टात बावीस दिवस भरले नव्हते, तेव्हा श्रावण होता, म्हणून सुटले. डिसेंबरात परत एकदा दोन दिवस कमी पडले. संध्याकाळी मी एटीएममधून नोट काढली आणि नेहमीसारखी त्यांच्या हातात ठेवली. हे मी तेव्हा का केलं याचा विचारही केला नाही.

फेब्रुवारीत योजना संपली. मेल आला, सहभागाबद्दल आभार, अमुक कोटी पावलं सगळ्यांनी मिळून चाललो. मार्चमध्ये ऑफिसात पार्किंगच्या खांबांभोवती कुणी दिसेना. मग शिमगा आला. आमच्या हिशेब विभागातला एक जण, ज्याचे नऊ महिन्यांत एकदाही बावीस दिवस भरले नव्हते, तो सुट्टी टाकून गावाला गेला आणि दोन दिवस पालखीबरोबर अनवाणी घरोघर फिरला, खांद्यावर पालखी नाचवली. परत आल्यावर त्याने फोन दाखवला. ॲप तसंच राहिलं होतं. एका दिवसात २३,०००. "आता कोण देणार याचे?" असं म्हणून तो स्वतःच हसत सुटला. पायाला फोड आलेले, लंगडत होता.

मी घरी सांगितलेलं नाही.

सांगणार होते. मार्चच्या पगाराच्या दिवशी सासूबाईंनी हात पुढे केला, आणि मी नोट दिली. एप्रिलमध्येही. पावलं मोजायचं मी सोडलंय. ॲप काढून टाकलं, जेटीवर हल्ली नुसती बसतेसुद्धा, एकदा तर पाऊण तास बसूनच घरी आले आणि आमटी तयार होती. कोपऱ्यावरच्या वहिनी आता माझ्याबरोबर येतात. त्यांच्याकडे कसली योजना नाही, पण त्या घरी सांगतात, "तिला एकटीला काळोखात कसं सोडायचं?"

काल पगार झाला. मे संपतोय, १ जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, मिरकरवाड्यात शेवटची गर्दी. मी नोट दिली. सासूबाईंनी ती देवापुढे ठेवली, समई सारखी केली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"चांगली आहे हो तुमची कंपनी. पावसातसुद्धा देणार?"

"देतील बहुतेक."

"मग आज सगळ्याचे ताजे नको आणू. थोडी सुकट नि सोडे घेऊन ठेव."